बोझकुर्त: लांडगीण आई होती, मग हे दात कुणी लावले?

खडूफळा (धागा काढणारा):

परवा मित्राकडे चहावर एक जुनाच वाद परत पेटला. २ जुलै २०२४, लाइपझिश, युरो फुटबॉल स्पर्धेतला तुर्कस्तान-ऑस्ट्रिया सामना. मेरिह देमिराल नावाच्या बचावपटूने दोन गोल केले, पहिला तर मिनिट पुरं व्हायच्या आत. दुसऱ्या गोलनंतर त्याने दोन्ही हात वर केले. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं जुळवलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ. दिवे गेले की आपण पोरांना भिंतीवर सावलीचं हरीण करून दाखवतो ना, जवळपास तसंच. फक्त हे हरीण नव्हे, लांडगा. तुर्की भाषेत बोझकुर्त, म्हणजे करडा लांडगा. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने दोन सामन्यांची बंदी घातली, नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला आणि तुर्कस्तान २-१ असं हरून घरी गेलं.

मित्राचं म्हणणं, ही खूण म्हणजे तिथल्या कडव्या उजव्यांचा शिक्का आहे, शिक्षा झाली ते बरंच झालं. मी म्हटलं, अरे पण लांडगा काय त्यांच्या बापाचा आहे?

मूळ गोष्ट सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल. ५५२ साली मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तुर्कांचं पहिलं साम्राज्य उभं राहिलं. राजघराण्याचं नाव आशिना. या घराण्याची जन्मकथा 'झोऊ शू' या चिनी दरबारी इतिहासात नोंदलेली आहे. शेजारच्या राज्याने एक अख्खी टोळी कापून काढली. उरला दहाएक वर्षांचा एक पोरगा. त्याचं कोवळं वय बघून सैनिकांचा हात उचलेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय तोडले आणि त्याला दलदलीत फेकून दिलं. (दया अशीही असते.) एका लांडगिणीने मांस आणून खाऊ घालत त्याला जगवलं. तो वाढला, तिला त्याच्यापासून दिवस राहिले. पोरगा जिवंत असल्याचं राजाला कळलं तशी त्याने परत माणसं धाडली. त्यांच्या तावडीतून लांडगीण निसटली ती आजच्या चीनमधल्या तुर्फानच्या उत्तरेकडच्या डोंगरात. तिथे एक गुहा, आणि गुहेतून पलीकडे गेलं की चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं हिरवंगार मैदान. तिथे ती दहा मुलग्यांना व्याली. त्यांच्यातून पुढे आशिना हे घराणं निघालं.

ही कथा विजयाची नाहीच मुळी. हरलेल्यांची आहे, पांगळ्या केलेल्या पोराची आहे, आणि त्याला पोटाशी धरणाऱ्या जनावराची आहे. दात विचकणारा लांडगा विसाव्या शतकात रंगवला गेला. अर्ध्या आशियाच्या या आजीला एका पक्षाने पळवायचं आणि वर युरोपने आजीलाच शिक्षा करायची, हे मला पटत नाही.

मतं सांगा. फक्त कृपा करून आपल्याकडचे वाघ-सिंह इथे आणू नका, धागा वाहून जातो.

कट्ट्यावरचा:

मांजर आणलं तर चालेल का?

राईनकाठ:

असहमत, आणि जोरात असहमत. अकरा वर्षं कलोनमध्ये राहतेय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी चहावरचा नाही.

गोष्ट छान सांगितलीत. पण देमिरालने लांडगीण दाखवली नाही, बोटांची खूण दाखवली. लांडगा दीड हजार वर्षांचा असेल, पण ही खूण तुर्की राजकारणात रुळली नव्वदच्या दशकात, आल्पआर्सलान त्युर्केशच्या सभांमधून. म्हणजे खुणेचं वय माझ्यापेक्षा कमी आहे.

त्युर्केश हा लष्करातला माजी कर्नल. १९६५ मध्ये त्याने एक छोटा पक्ष ताब्यात घेतला आणि १९६९ च्या अदाना अधिवेशनात त्याचं नाव राष्ट्रवादी कृती पक्ष केलं, तोच एमएचपी. त्यांच्या तरुणांच्या शाखांना 'उल्क्यू ओजाकलारी' म्हणतात, शब्दशः ध्येयाच्या चुली. बाहेरचं जग त्यांना 'ग्रे वुल्व्ज' म्हणतं. या चुलींवर काय शिजलं तेही सांगायला हवं ना? ऑक्टोबर १९७८, अंकाराचा बाहचेलीएव्हलर भाग: डाव्या पक्षाच्या सात विद्यार्थ्यांची हत्या. त्याच डिसेंबरात मराश शहरात अलेवी या अल्पसंख्य मुस्लिम पंथाच्या वस्त्यांवर हल्ले, शंभरावर माणसं मेली. १९७९ मध्ये संपादक अब्दी इपेकची यांना मारणारा मेहमेत अली आजा याच वर्तुळातला, आणि १९८१ मध्ये रोममध्ये पोपवर गोळ्या झाडणाराही तोच.

आमच्या गल्लीत एक भाजीवाला आहे, म्हातारा, अलेवी, मराशचाच. त्या रात्री रस्ताभर गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि त्यानेही दुकानाला झेंडा लावला होता. मोबाइलवर देमिरालचा तो फोटो आला तेव्हा मी पुदिना घेत होते. त्याने झेंडा काढला नाही. शटर तेवढं अर्ध्यावर ओढलं आणि सुटे पैसे परत मोजायला लागला. मी काही विचारलं नाही.

आजीची गोष्ट त्याला जाऊन सांगाल?

बखरबुवा:

दोघांशीही भांडायचं आहे, आधी खडूफळांशी.

तुम्ही कथा सांगितलीत आणि पुढची ओळ गिळलीत. त्याच ग्रंथात लिहिलंय की खागानाच्या, म्हणजे त्यांच्या सम्राटाच्या, ध्वजावर सोन्याचं लांडग्याचं मुंडकं असे आणि त्याच्या अंगरक्षकांना लांडगेच म्हणत, आपलं मूळ विसरू नये म्हणून. म्हणजे सहाव्या शतकातच ती राजमुद्रा होती. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात ७३२ चा क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राचा शिलालेख उभा आहे, त्यात त्याचा भाऊ बिल्गे खागान म्हणतो की आमच्या बापाचं सैन्य लांडग्यासारखं होतं आणि शत्रू मेंढरांसारखा. दात तेव्हाचेच आहेत, विसाव्या शतकाने फार तर घासून दिले.

आणि गंमत बघा, तुर्कांनी स्वतःच्या लिपीत कोरलेल्या त्या दगडांवर लांडगिणीची कथा नाही. तिथे वर निळं आकाश, खाली तपकिरी धरती आणि दोन्हींच्या मध्ये माणसाची पोरं. लांडगिणीची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती शेजाऱ्यांच्या, म्हणजे चिन्यांच्या दप्तरातून. मंगोलियात बुगुत इथे सापडलेल्या सहाव्या शतकाच्या दगडाच्या माथ्यावर लांडगीण आणि मूल आहे असं बरीच वर्षं सांगत, पण दगड इतका झिजलाय की तो ड्रॅगन आहे म्हणणारे अभ्यासकही आहेत. वर त्या दगडावरचा मुख्य मजकूर तुर्की नाहीच, मध्य आशियातल्या व्यापाऱ्यांच्या सोग्दी भाषेत आहे.

कथाही काही तुर्कांची एकट्यांची नाही. त्याच्या सहा-सातशे वर्षं आधी चिनी इतिहासकार सीमा च्येनने वूसुन टोळीच्या राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे: माळावर टाकलेलं मूल, लांडगीण त्याला पाजते, कावळे मांस आणून देतात. मंगोलांचा मूळपुरुष बोर्ते चिनो, म्हणजे करडा लांडगा, आणि त्याची बायको हरणी. रोमचं तर सगळ्यांना माहीत आहे. ओघुझ खागान या तुर्कांच्या दंतकथेतल्या पूर्वजाच्या कथेत मात्र पाजणं-बिजणं नाही. तिथे पहाटे तंबूत उजेडाचा झोत पडतो, त्यातून निळसर आयाळीचा भलामोठा नर लांडगा बाहेर येतो आणि सैन्याच्या पुढे चालू लागतो. जिथे थांबेल तिथे लढाई. आई आणि वाटाड्या असे दोन लांडगे पहिल्यापासून आहेत, तुम्ही आपल्याला आवडला तो निवडलात.

दुसरी बाजू:

बुवा, एर्गेनेकोन राहिलं की! लोखंडाच्या डोंगरात अडकलेल्या तुर्कांना लांडगाच बाहेर काढतो.

बखरबुवा:

ते मुद्दाम राखून ठेवलं होतं. एर्गेनेकोनची जुनी नोंद चौदाव्या शतकात इराणी इतिहासकार रशीदुद्दीनने केली आणि ती मंगोलांची म्हणून केली. त्यात सत्तर बैल-घोडे कापून त्यांच्या कातड्याचे भाते करतात, लाकूड-कोळसा रचतात, डोंगर वितळवतात. काम लोहारांचं आहे, वाट दाखवणारा लांडगा तिथे नाही. बोर्ते चिनो आहे, पण एका सरदाराचं नाव म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झिया गोकआल्पसारख्या तुर्की राष्ट्रवादी लेखकांनी ही कथा तुर्कांची करून घेतली, आणि आज कुणीही सांगायला लागला की लांडगा हमखास पुढे चालत असतो. लोहार बिचारे मागे पडले.

दुसरी बाजू:

हे माहीत नव्हतं. बरं, माझा मुद्दा कायद्याचा आहे.

एलएलबीला आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेल्या प्रत्येकाने लोटस खटला घोकलेला असतो. २ ऑगस्ट १९२६ ला एजियन समुद्रात लोटस ही फ्रेंच टपालबोट एका तुर्की कोळशाच्या बोटीवर आदळली. तुर्की बोट बुडाली, आठ माणसं गेली. तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्याला पकडून खटला चालवला, फ्रान्सने हरकत घेतली, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९२७ मध्ये न्यायाधीश सहा-सहा असे फुटले आणि अध्यक्षांच्या जादा मताने तुर्कस्तान जिंकलं. बुडालेल्या बोटीचं नाव काय होतं? बोझकुर्त. परीक्षेत आपण फ्रेंच बोटीचं नाव पाठ करतो, बुडालेली कुणाला आठवत नाही. तुर्कस्तानची बाजू मांडणारे न्यायमंत्री महमुत एसात यांनी १९३४ चा आडनावांचा कायदा आल्यावर आडनावच बोझकुर्त घेतलं.

त्याच १९२७ मध्ये प्रजासत्ताकाच्या पहिल्या नोटा निघाल्या. पाच लिरांच्या नोटेवर लांडगा आहे, आणि मजकूर अजून अरबी लिपीत, कारण लिपी बदलली १९२८ मध्ये. एमएचपीचा जन्म व्हायला तेव्हा चाळीसेक वर्षं होती. हा लांडगा अतातुर्कच्या निधर्मी सरकारचा होता. सुलतान-खलिफांच्या आधीचं, इस्लामच्याही आधीचं काहीतरी त्यांना हवं होतं, ते या जनावरात सापडलं. मग चिन्ह पक्षाचं कसं? राष्ट्राध्यक्ष एर्दोआनही हेच म्हणाले: जर्मनांच्या अंगावर गरुड चालतो, फ्रेंचांचा कोंबडा चालतो, आमच्या लांडग्याचंच काय वावडं?

आणि बंदीबद्दल एक दुरुस्ती. युएफाने निकालात 'वंशवाद' म्हटलेलं नाही. खेळाच्या मैदानाचा खेळाबाहेरच्या गोष्टीसाठी वापर, शिष्टाचाराचा भंग, असली कलमं लावली. ऑस्ट्रियात ही खूण २०१९ पासून बेकायदा आहे, फ्रान्सने २०२० मध्ये संघटनाच बरखास्त केली, पण जर्मनीत, जिथे सामना झाला तिथे, खुणेवर बंदी नाही. कायद्याने मुभा असलेली गोष्ट केली म्हणून घरी बसवलं.

राईनकाठ:

वकीलसाहेब, गरुड जर्सीवर शिवलेला असतो. गरुडाची खूण करत रात्री कुणी कुणाच्या वस्तीत शिरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. फ्रान्सने संघटना बरखास्त केली ती कशावरून, तेही सांगा: लिऑंजवळच्या आर्मेनियन वंशसंहाराच्या स्मारकावर यांचं नाव फासलेलं सापडलं होतं. १९१५ मध्ये मेलेल्यांच्या स्मारकावर लांडग्यांचं नाव. हा कोणता पुरातन वारसा?

एर्दोआनचं म्हणाल तर २०१८ मध्ये मेर्सिनच्या सभेत त्यांनी स्वतः ही खूण केली होती. तेव्हा एमएचपीशी युती नुकतीच जमली होती. तुम्ही म्हणाल, बघा, खूण सगळ्यांची झाली. मला त्यात पक्षच सगळ्यांच्या हातात शिरलेला दिसतो.

कट्ट्यावरचा:

नेदरलँड्सच्या सामन्याआधी बर्लिनमध्ये चाहत्यांचा मोर्चा पोलिसांनी याच खुणेवरून थांबवला होता ना? म्हणजे बंदी घालून एकाची खूण हजारोंची केली. युएफाचं अभिनंदन.

माळरान:

धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण लांडग्याचं नाव निघालं की राहवत नाही. आमचं गाव सुप्याजवळ, लांडगा अजून दिसतो. बकरं नेलं की बोंबाबोंब, पण चुलता आमचा रात्री वाड्यावर त्याचं नाव घेऊ देत नसे. सापाला रात्री 'जनावर' म्हणतात, तसंच.

कामानिमित्त इस्तंबूलला वर्षभर होतो, थोडी तुर्की शिकलो. तिथे कळलं की तुर्कीत 'कुर्त' म्हणजे लांडगा आणि 'कुर्त' म्हणजे अळीसुद्धा, सफरचंदात निघते ती. चेष्टा वाटली. पण जुन्या तुर्कीत लांडग्याला 'बोरी' म्हणत, बुवांनी सांगितलेल्या त्या शिलालेखातही बोरीच आहे. कुर्त म्हणजे तेव्हा फक्त किडा. मेंढरं राखणाऱ्यांनी खरं नाव घ्यायचं टाळलं, घेतलं की तो येतो म्हणून. 'किडा' म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. कझाक-किर्गिझांकडे बोरी अजून आहे. किर्गिझांचा घोड्यावरचा खेळ 'कोक बोरू', मुंडकं छाटलेलं बोकड ओढत नेऊन गोल करायचा. पूर्वी बोकडाऐवजी मारलेला लांडगाच असे असं ते सांगतात.

म्हणजे राष्ट्रवादी छाती फुगवून बोझकुर्त म्हणतात तो शब्द मुळात धनगराच्या भीतीचा. करडा किडा. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, तसल्या शब्दावर कुणी झेंडा उभारावा, तसं हे.

तिकडे अनातोलियात मेंढरांना काटेरी पट्ट्याचा कांगाल कुत्रा लागतो. तो पट्टा दुकानात हातात घेऊन बघा, खिळे बोटभर. ज्याच्या दारात लांडगा येतो तो त्याच्या मूर्ती बसवत नाही.

बखरबुवा:

माळरान, क्या बात है. एक पुस्ती जोडतो. भीती असली तरी मान आहे. देदे कोरकुतच्या जुन्या तुर्की कथांमध्ये सालूर काझान नावाच्या सरदाराचं घरदार लुटलं जातं, तो माग काढत निघतो, वाटेत लांडगा भेटतो. तेव्हा तो म्हणतो की लांडग्याचं तोंड दिसणं शुभ असतं, आणि त्याच्याकडे घरच्यांची चौकशी करतो. शत्रूही आणि शकुनही.

आता राईनकाठताईंशी भांडण. तुम्ही लांडगा आणि एमएचपी एकच करता, पण त्यांचं आपसात कधी धड जमलं नाही. १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष इनोनूच्या सरकारने लेखक निहाल आत्सिझ वगैरे तुराणवाद्यांवर (सगळ्या तुर्क वंशीयांचं एक राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांवर) खटला भरला, आरोपींत तरुण त्युर्केशही होता. नोटेवर लांडगा छापणाऱ्या राज्यानेच सतरा वर्षांनी लांडगेवाल्यांना पिंजऱ्यात उभं केलं! पुढे अदानाच्या त्याच १९६९ च्या अधिवेशनात पक्षाचं चिन्ह काय, यावर जुंपली. आत्सिझच्या लोकांना लांडगा हवा होता. त्युर्केशला आनातोलियातल्या नमाजी शेतकऱ्यांची मतं हवी होती, त्याने तीन चंद्रकोरी घेतल्या. लांडगा पोरांच्या संघटनेला दिला, तोही चंद्रकोरीच्या आत बसवून. 'तन्री पर्वताइतके तुर्क, हिरा पर्वताइतके मुसलमान' (तन्री पर्वत मध्य आशियातला, हिरा मक्केजवळचा) ही त्यांची घोषणा म्हणजे त्या चित्राचा तर्जुमाच. आत्सिझ आयुष्यभर चिडून राहिला.

राईनकाठ:

बुवा, माहिती मान्य. पण मराशला दारं फोडणाऱ्यांनी चिन्हाचा हा वाद ऐकला असेल असं वाटत नाही.

खडूफळा:

दोन दिवस गावी होतो, आत्ता सगळं वाचलं. 'दात विसाव्या शतकात' हे मागे घेतो, सोनेरी मुंडक्याची ओळ मी खरंच सोयीस्कर विसरलो होतो. खूण आणि लांडगा वेगळे, हेही मान्य. देमिरालला बाहेर बसवलं याचं आता तितकं वाईट वाटत नाही.

पण एक धरून ठेवतो. मोल्दोवातले गागाउझ तुर्कीच्या जवळची भाषा बोलतात आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, त्यांच्याही जुन्या झेंड्यावर लांडग्याचं मुंडकं होतं. त्यांना ना हिरा पर्वत ना त्युर्केश. उद्या सरसकट 'लांडगा म्हणजे फॅसिस्ट' झालं तर त्यांनी काय करायचं? बोटांवर बंदी घाला, जनावरावर नको.

दुसरी बाजू:

म्हणजे अर्धा खटला मी जिंकलो. जादा मताने.

राईनकाठ:

जनावरावर कुणीच घालत नाहीये, पण असू दे.

काल माळरान यांचं ते अळीचं त्या भाजीवाल्याला सांगितलं. मोडक्या जर्मनमध्ये, कारण दोघांचीही मोडकी. तो इतका हसला की शेजारचा पाववाला बघायला आला. मग म्हणाला, आमच्या गावी मेंढरू चुकलं आणि रात्र झाली की आजी खिशातला चाकू काढायची, पात्यावर काहीतरी पुटपुटायची आणि मिटून ठेवायची. 'लांडग्याचं तोंड बांधणं' म्हणतात. चाकू मिटलेला आहे तोवर लांडग्याचा जबडा उघडत नाही.

मी विचारलं, आणि मेंढरू सापडल्यावर?

म्हणाला, सकाळी आधी चाकू उघडायचा, मग चहा. विसरलं तर तिकडे लांडगा उपाशी मरतो, आणि ते पाप आजीच्या माथी.